दाट भुवया आणि थ्रेडिंगनंतरचं पुरळ: दोरा, वॅक्स, प्लकर, रेझर की लेझर?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय २७, भुवया दाट आणि मध्ये जवळजवळ जुळलेल्या. दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग करतात आणि दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुवयांच्या वर, कपाळावर बारीक पुरळ उठतं, ते आठवडाभर राहतं. मुरमांसाठी रात्री अ‍ॅडापलीनचं जेल चालू आहे. मागच्या वेळी डावी भुवई उजवीपेक्षा बारीक झाली. लग्न तीन महिन्यांवर आलंय. मैत्रीण म्हणते वॅक्स कर, बहीण म्हणते रेझर घे, आणि स्वतःच्या मनात लेझर करून एकदाचं संपवावं असं आहे. तर यातलं चांगलं काय?

माझं डोंबिवलीत पार्लर आहे आणि रोजचं बरंचसं काम दोऱ्याचंच. त्यामुळे माझा कल थोडा दोऱ्याकडे झुकणार, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. डावी भुवई बारीक झाली, ती आकार ठरवताना झालेल्या घाईमुळे. दोऱ्याने झाली, तशी प्लकरनेही झाली असती आणि वॅक्सने तर एकाच ओढीत झाली असती. पुरळ हा कातडीचा मामला आहे आणि त्याची कारणं चार-पाच असू शकतात. दर तीन आठवड्यांनी पार्लरच्या खुर्चीत बसायचा वैताग ही तिसरी तक्रार, आणि लेझर आठवतो तो तिच्यामुळे. पद्धत बदलून यातली फार तर एक तक्रार हलकी होईल. म्हणून ‘कोणती एक पद्धत’ या वाटेने मी जातच नाही. भुवईच्या वरच्या कडेला एक हत्यार लागतं, खालच्या कमानीला दुसरं, आणि केसांच्या लांबीला तिसरं.

आधी वॅक्सचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत त्याचा निकाल लगेच लागतो. अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड गटातलं औषध. ट्रेटिनॉइन आणि सीरममधलं रेटिनॉल हीसुद्धा त्याच कुळातली. ही औषधं चालू असली की वरची कातडी लवकर झडते आणि खालची नाजूक असते. वॅक्स केसाबरोबर कातडीचा वरचा थरही उचलतं, आणि भुवईखाली पापणीकडची कातडी तर साऱ्या अंगात सगळ्यात पातळ. तिथे सालपट निघालं की ओला लाल चट्टा पडतो, मग खपली धरते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगावर त्या जागी काळा डाग उरतो. तो जायला महिने लागतात. लग्न तोंडावर असताना हा जुगार खेळू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने चेहऱ्याला वॅक्स लावायचंच नाही. त्यांनी दोराही डॉक्टरांना विचारूनच फिरवून घ्यावा.

नव्या बाईला मी पहिल्यांदा विचारते, ‘रात्री चेहऱ्याला काय लावता?’ उत्तर हमखास ‘काही नाही’ असं येतं. दोन मिनिटांनी निघतं, की मुरमांची एक ट्यूब आहे आणि एक कुठलंसं सीरम. मेडिकलमधून आणलेली ट्यूब बायकांना औषध वाटतच नाही. तुम्ही हे स्वतःहून सांगितलंत ते बरं झालं. पार्लरमध्येही दरवेळी सांगत जा, त्या विचारोत न विचारोत.

ज्यांना असं काही चालू नाही, कातडी निबर आहे आणि दोऱ्याचं दुखणं सहन होत नाही, त्यांनी दोन भुवयांमधल्या जागेपुरतं वॅक्स जरूर करावं. पटकन होतं. पण भुवईच्या कडेला वॅक्स पसरलं, की पट्टीखाली जे आलं ते गेलं. एखादा केस ठेवायचा होता, हे तेव्हा वॅक्सला सांगता येत नाही.

आता दोरा. पिळलेल्या सुती दोऱ्याचा पीळ कातडीवरून सरकतो आणि ओळीतले केस एकदम पकडून मुळापासून ओढतो. म्हणून कड सरळ आणि स्वच्छ येते, आणि कातडीला वॅक्सइतका ताप होत नाही, फक्त घासली जाते. तुमच्यासारख्या दाट, राठ केसांना आणि कपाळाच्या बाजूच्या लांब वरच्या कडेला याच्याइतकं नेटकं काम दुसऱ्या कशाने होत नाही. पण दोऱ्याचे दोन दोष आहेत. हात घाईत चालला किंवा दोरा वेडावाकडा धरला, की केस मुळातून न येता कातडीच्या पातळीला तुटतात. चार-पाच दिवसांतच बोटाला टोचायला लागलं तर तुमचे केस तुटताहेत असं समजा. असा तुटलेला केस कधी कधी आतल्या आत वळतो आणि तिथे पुटकुळी धरते. दुसरा दोष म्हणजे सैल कातडी दोऱ्यात सापडून कट लागणं. एका हाताने भुवईच्या वरची कातडी वर आणि दुसऱ्या हाताने पापणी खाली ताणून धरा, असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच. दुखलं की हात सुटतो आणि नेमका तेव्हाच कट लागतो. फार दुखत असेल तर आधी मिनिटभर रुमालात गुंडाळलेला बर्फ फिरवा आणि जागा अगदी कोरडी करा, कारण ओल्या केसावर दोरा घसरतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत जास्त दुखतं, असं माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी सांगतात. जमत असेल तर ते दिवस टाळा.

पुरळावर जरा जास्त बोलते, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे. मी आधी पुरळ कधी उठतं ते विचारते. दोरा फिरल्यावर लगेच लाल होणं, गांधी उठल्यासारखं फुगणं आणि तासा-दोन तासांत बसणं हे कातडीचं साधं उत्तर आहे, त्यात काळजीचं काही नाही. तुमचं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं आणि आठवडाभर राहतं. अशा पुटकुळ्यांना टोकाला पांढरं दिसत असेल तर बहुधा केसांच्या मुळाशी जंतू शिरून सूज आली आहे. केस उपटला की मागे उघडं भोक राहतं. त्या भोकात पहिल्या दिवशी काय जातं, यावर पुढचा आठवडा ठरतो.

तिथे काय काय जातं ते ऐका. संध्याकाळी लोकलमधून उतरून बायका थेट खुर्चीत बसतात, चेहऱ्यावर दिवसभराचा घाम आणि सनस्क्रीन. मग सगळ्यांना एकाच पफने पावडर लागते. दोऱ्याचं टोक काही जणी अजूनही दातात धरतात. काम झालं की ‘जरा मसाज करून देते’ म्हणत वासाची क्रीम चोळतात. बाहेर पडल्यावर स्कूटरसाठी आठवडाभर न धुतलेला स्कार्फ त्याच कपाळावर करकचून बांधला जातो. आणि रात्री डोक्याला तेल. यातलं एकेक काढून पाहिल्याशिवाय दोऱ्यावर आळ घेऊ नका.

पुढच्या वेळी एवढं करा. बसण्याआधी चेहरा फेसवॉशने धुऊन पुसा. पावडर हवीच असेल तर स्वच्छ कापसाने लावायला सांगा. दोरा तुमच्यासमोर रिळातून नवा काढायला सांगा आणि त्याचं टोक तोंडात नको, गळ्यात अडकवा म्हणावं. हे सांगायला संकोच वाटतो हे मला कळतं, पण चांगली बाई याचा राग धरत नाही. नंतर बर्फ, आणि हवं तर बिनवासाचं साधं कोरफड जेल. मसाज नको. एक दिवस मेकअप, तेल आणि घट्ट स्कार्फ नको. अ‍ॅडापलीन त्या भागावर आधीच्या दोन-तीन रात्री आणि नंतरच्या दोन रात्री लावू नका. बाकी चेहऱ्यावर चालू ठेवायला हरकत नसते, तरी ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांना एकदा विचारा.

अजून एक. पुरळ ‘कपाळावर’ उठतं असं तुम्ही म्हणता. भुवयांबरोबर फोरहेडही करून घेता का? कपाळावरची बारीक लव दोऱ्याने काढली की मुरमं येणाऱ्या कातडीवर शेकडो भोकं एकदम उघडी पडतात. ती लव बहुतेकींची कुणाला दिसतसुद्धा नाही. पार्लरवाली ‘फोरहेड पण करू का?’ विचारते आणि आपण मान हलवतो. तसं असेल तर दोन वेळा फक्त भुवया करून पाहा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचं पुरळ एवढ्यानेच निम्म्यावर आलं आहे.

मात्र पुटकुळ्या सपाट, कातडीच्याच रंगाच्या आणि एका ओळीत ओढल्यासारख्या असतील तर दोरा लगेच थांबवा. त्या सपाट चामखिळी असू शकतात. त्या विषाणूमुळे होतात आणि दोरा फिरेल तशा पसरत जातात. त्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पार्लरमध्ये त्यावर इलाज नाही. अंगावर कोडाचा डाग असलेल्यांनीही केस उपटण्याच्या पद्धती जपून वापराव्यात, कारण इजा झालेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. आणि दोन भुवयांच्या मधोमध टिकलीएवढाच पांढुरका डाग असेल तर आधी टिकली बदलून पाहा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग उडतो, आणि बोल मात्र थ्रेडिंगला लागतो.

प्लकर म्हणजे आकारावर सगळ्यात जास्त ताबा, कारण एका वेळी एकच केस निघतो आणि प्रत्येक केसाआधी विचार करायला सवड मिळते. कमानीच्या खालचे चुकार केस आणि मधले दोन-चार उगवते केस यांच्यासाठी घरी एक चांगला तिरक्या टोकाचा प्लकर ठेवा. खिडकीच्या उजेडात बसा, कातडी ताणा, केस मुळाशी पकडा आणि वाढीच्या दिशेनेच ओढा. उलट ओढला की तुटतो. मोठं दाखवणारा आरसा टाळा. त्यात प्रत्येक केस नको असलेला वाटतो आणि अर्ध्या तासाने भुवई उरत नाही. वरची पूर्ण कड मात्र प्लकरने करायला जाऊ नका, वेळही जातो आणि ओळ वाकडी होते. आणखी एक धोका म्हणजे त्याच जागचे केस वर्षानुवर्षं उपटत राहिलं की काही मुळं कायमची दमतात. नव्वदच्या दशकातल्या रेघेसारख्या भुवयांच्या बायका आज माझ्याकडे पेन्सिल कशी भरायची ते विचारायला येतात.

बहिणीने सांगितलेल्या रेझरला बायका एका चुकीच्या कारणासाठी घाबरतात. केस कापल्याने तो जाड किंवा दाट उगवत नाही. हे १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीचे केस मोजून-तपासून दाखवलं होतं. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. तुमच्या राठ केसांवर मात्र रेझर दोन-तीन दिवसांत खुंट दाखवेल आणि दाट भुवईखाली त्याची हिरवट सावली राहील. बारीक लव असलेल्यांना आणि कुठल्याही कारणाने केस उपटायचे नाहीत त्यांना तो ठीक. केस काढायची क्रीम भुवईजवळ मुळीच नको, डोळ्यात गेली तर जळजळीवर भागत नाही.

लेझर. दोन भुवयांच्या मधल्या जागेपुरता, डोळ्यांवर संरक्षक कवच लावून, त्वचारोगतज्ज्ञ तो करतात. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत मात्र कोणी करून देतो म्हणाला तर तिथून उठा. लेझर केसातल्या काळ्या रंगाला शोधत जातो आणि डोळ्याच्या बुबुळातही काळा रंगच असतो. पापणी मिटलेली असूनही बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय त्याला महिना-दीड महिन्याच्या अंतराने बऱ्याच खेपा लागतात, म्हणजे तुमच्या तीन महिन्यांत काम अर्धवट राहील. खरोखर कायमचं हवं असेल तर सुईने एकेक मूळ जाळण्याची इलेक्ट्रोलिसिसची पद्धत आहे. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी तिचा वापर प्रसिद्ध केला. मधल्या पाच-पंचवीस केसांसाठी ती चांगली, पण वेळखाऊ आणि दुखरी. त्यातही आज कायमचा काढलेला आकार दहा वर्षांनी आवडेल का, हे तुम्हीच ठरवा. मधल्या जागेचं ठीक आहे, ती कधीच कुणाला परत नको असते. कमान मी कधीही कायमची काढणार नाही.

हे झालं हत्यारांचं. असमान भुवयांचा इलाज मात्र हत्यार खाली ठेवण्यात आहे. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढतो, भुवईच्या केसाची वाढ महिन्या-दोन महिन्यांत थांबते. मग तो बराच काळ नुसता बसून राहतो, गळतो आणि नवा येतो. हा फेरा साधारण चार महिन्यांचा. सगळे केस एकाच वेळी वाढत नसल्याने तीन आठवड्यांनी जे उगवलेलं दिसतं ते पूर्ण पीक नसतं. दर तीन आठवड्यांनी तेच उगवतं उपटत गेलात तर डावी भुवई उजवीच्या बरोबरीला येणारच नाही, आणि दरवेळी ‘सारखं करते’ म्हणत उजवीही बारीक होत जाईल. हे मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय की नवी बाई ‘दोन्ही सारख्या करा’ म्हणाली की मी आधी थांबून विचारते, थोडं वाढवायला तयार आहात का?

दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात, एक स्नायू जरा जास्त उचलतो. म्हणून आकार नेहमी ताठ बसून, चेहरा सैल सोडून ठरवायचा. खुर्ची मागे टाकली की कातडी सरकते आणि भुवईची जागा बदलते. मी पांढऱ्या पेन्सिलीने तीन खुणा करते. नाकपुडीच्या बाजूने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून वर गेलेली रेघ, ती सुरुवात. नाकपुडीवरून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून गेलेली, तिथे कमानीचं टोक. नाकपुडीवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून गेलेली, तिथे शेवट. बाहेरचं टोक सुरुवातीपेक्षा खाली उतरलं तर चेहरा दमलेला दिसतो. खुणा झाल्या की हातात आरसा देते आणि हो म्हटल्यावरच दोरा उचलते. तुमच्या पार्लरमध्ये हे करत नसतील तर तुम्ही सांगा. ५०-१०० रुपयांच्या कामाला दोन मिनिटं जास्त द्यायला कुणाची ना नसावी.

तुम्ही ज्याला दाटपणा म्हणता त्यातला बराचसा लांबीचा असेल, असाही माझा अंदाज आहे. स्वच्छ मस्काऱ्याच्या ब्रशने केस वर विंचरा. वरच्या कडेच्या बाहेर जी टोकं जातात ती लहान कात्रीने एकेक छाटा, झुपका पकडून नको. एकही केस न उपटता भुवई हलकी होते, पुरळाचा प्रश्नच येत नाही. जाता जाता, कुणाच्या भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा आपोआप विरळ होत असेल, तर पेन्सिल घेण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्या.

तुमच्यापुरतं वेळापत्रक असं. पुढचे पाच-सहा आठवडे भुवयांना दोरा लावायचा नाही. फक्त मधले केस प्लकरने काढा, बाकी कात्रीने आवरा. ऑफिसात चार दिवस विचित्र दिसेल, तेवढं सोसा. डावीकडची पोकळी पेन्सिलीने भरत जा. मग एक निवांत वेळ ठरवून, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, वर सांगितलेल्या खुणा करून वरची कड दोऱ्याने आणि खालची कमान बरीचशी प्लकरने करून घ्या. पुरळ उठतं का, कधी उठतं, हे तेव्हा कळेल आणि डॉक्टरांकडे जायला हातात वेळ असेल. तीन आठवड्यांनी हलकी आवराआवर.

शेवटची वेळ हळदीच्या चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी नक्की नको. नुकत्याच दोरा फिरलेल्या कातडीवर हळद चरचरते, आणि घरोघरच्या हळदीत तेल, दूध, चंदन काय काय कालवलेलं असतं. नवरीच्या चेहऱ्याला ती लावायला वीस हात पुढे येतात, तेव्हा भुवयांभोवती लावू नका हे करवलीला आधीच सांगून ठेवा.

आणि मेकअपवालीशीही बोलून घ्या. पुष्कळ जणी लग्नाच्या सकाळी बेस बसावा म्हणून सगळ्या चेहऱ्यावरून रेझर फिरवतात. अ‍ॅडापलीन चालू असलेल्या कातडीला ते आदल्या दिवशीही नको आणि त्या सकाळी तर नकोच. भुवईखाली एखादा केस राहिला असेल तर तेवढाच प्लकरने काढायला सांगा. करायचंच असेल तर महिनाभर आधीच्या ट्रायलला करून पाहा.